वाट्याचं शेत

आमच्या पुण्याच्या हेड ऑफिसातल्या लोकांना उंटावरून शेळ्या हाकायची फार हौस. फेब्रुवारी संपता संपता त्यांचा मेल आला. नाशिकची शाखा मार्चअखेर बंद, उरलेला माल परत पाठवा, आणि दुकानातली डेमोची मशिनं कोरी करून जुन्या भावात विकून टाका. खाली 'आपल्या योगदानाबद्दल आभार.' मी मॉनिटरलाच म्हटलं, डोंबल तुमचं योगदान.

मी तेजश्री. कॉलेज रोडला 'डबलडाव' नावाचं दुकान होतं ना, नव्या-जुन्या व्हिडिओ गेमचं, तिथली मॅनेजर. लोक खेळून झालेला गेम आणून द्यायचे आणि बदल्यात दुसरा न्यायचे. कन्सोलचंही तसंच. जुना घ्यायचा, पुसून-झाडून, आतलं सगळं उडवून पुन्हा विकायचा. राज्यात सगळीकडे शाखा, आणि सगळीकडे तोच निळा रंग. पंचवटीतली मुलगी, वडील गोदाघाटावर यात्रेकरूंचे विधी सांगणारे ढुंढिराज गुरुजी, आणि मुलगी विकते बंदुकांचे गेम! बाबा पाहुण्यांना सांगायचे, आमची तेजू कॉम्प्युटरमध्ये आहे. रागीट माणूस. माझ्या नाकावर जो राग असतो तो त्यांच्याकडूनच आलेला.

दुकान जाणार याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खरं लागलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दारापाशी जे डेमोचं मशीन होतं त्यात आमचं शेत होतं. माझं आणि जीवनचं. जीवन दुकानातली नोकरी सोडून गावी गेला होता दिवाळीनंतर, आणि त्याचं माझ्यापाशी उरलेलं म्हणाल तर एवढंच. ते मी माझ्या हाताने पुसून एका अनोळखी माणसाला पिशवीत घालून द्यायचं होतं. पेनड्राइव्हवर काढून घेता येईल का तेही पाहिलं. डेमोच्या मशिनांवर कंपनीने ती सोय बंद करून ठेवलेली असते.

हे शेत कसं झालं ते सांगते.

डेमोच्या मशीनवर गिऱ्हाइकांनी खेळून बघावं म्हणून कायम गाड्यांचा नाहीतर मारामारीचा गेम लावलेला असायचा. शाळा सुटली की पोरांची तिथे हाणामारी, आणि ती स्क्रीनवर कमी आणि स्क्रीनसमोर जास्त. एक दिवस मी वैतागले आणि परत आलेल्या मालातली एक विनाडब्याची डिस्क लावून टाकली. शेतीचा गेम होता. रान साफ करा, पेरा, पाणी घाला, काढा, विका. पोरं नाकं मुरडून पांगली आणि दुकानात शांतता झाली. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना मीच खेळायला लागले. मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही. आमच्या घरात जमीन म्हणजे गच्चीतल्या कुंड्या. मी सगळं रान टोमॅटोने भरून टाकलं, बोट ठेवायला जागा नाही असं.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर निम्मे टोमॅटो उपटलेले! उरलेले ओळीत, मध्ये चालायला वाट सोडलेली. माझा पारा चढला. चार वाजता जीवन आला तेव्हा मी त्याला दारातच धरलं.

जीवन आमचा संध्याकाळचा सेल्समन. विंचूरजवळच्या वस्तीवरचा, माळ्याचा मुलगा, घरी कांदा आणि थोडी फुलं. कॉमर्स करून नाशकात आला होता, अंबडला खोली घेऊन राहायचा. दुकान आम्ही दोघांनी चालवायचं, सकाळ माझी आणि संध्याकाळ त्याची. गाठ पडायची ती माल ताब्यात देता-घेताना, तेवढीच. माझा आवाज चढला तरी हा पठ्ठ्या शांत. म्हणाला, "टोमॅटोला जागा लागती मॅडम. अशी दाटी केली तर हवा खेळत नाय."

मी म्हटलं, अरे गेम आहे तो, त्याला कुठली हवा. तो म्हणाला, गेम असला म्हणून काय झालं, बघवत नाही. त्याचं खरं होतं की त्या गेममध्ये दाटीने लावलं तरी काही बिघडत नाही, हे मला अजून माहीत नाही. मी पुन्हा कधी दाटीने लावलंच नाही.

तिथून सुरू झालं. सकाळी मी पाणी घालायची, संध्याकाळी तो खुरपायचा. मी कुंपण अर्धं सोडून जायची, तो पुरं करायचा. त्याने एक दिवस शेताच्या कडेला लाकडाच्या दोन पेट्या केल्या आणि पहिलं पीक निघालं तेव्हा अगदी निम्मं-निम्मं दोन्हीत ठेवलं. मी म्हटलं, हे काय नवीन? तर त्यांच्याकडे निम्म्या वाट्याने शेती करतात म्हणे. एकाची जमीन आणि एकाचे कष्ट, पीक निघालं की बांधावरच दोन ढीग. मी म्हटलं, कष्ट तर मीही करते. मग तर निम्मं हवंच, तो म्हणाला. आणि वर हेही सांगितलं की वाट्याचं शेत कधी एकट्याने मोडायचं नसतं, दुसऱ्याला विचारल्याशिवाय. त्याच्या आजोबांनी म्हणे एका मेलेल्या वाटेकऱ्याच्या बायकोला शोधत थेट सुरगाण्याच्या डोंगरात जाऊन विचारलं होतं. हे सगळं तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की मी हसायचं विसरून जायची.

माझी पेटी कधी रिकामी दिसली नाही. मी सुट्टीवर असले तरी. ताप आला म्हणून घरी राहिले होते तेव्हाही परत येऊन बघितलं तर माझा वाटा जागच्या जागी, आणि वर एक सूर्यफूल जास्तीचं.

मला तो आवडतो हे मला त्या सूर्यफुलाने कळलं. चांगली तिशी ओलांडलेली बाई मी, घरी स्थळांची रीघ, आई कोणा ना कोणाचा फोटो घेऊन फिरतेय, आणि मी इथे खोटं सूर्यफूल बघून लाल झालेली. बोलले का? छे. मी मॅनेजर, तो मला मॅडम म्हणणारा. बोलायला वेळ तरी कुठे होता? तो यायचा तेव्हा मी निघायची. दोघांनी मिळून एकदाही खेळलो नाही. दुसरा कंट्रोलर ड्रॉवरमध्येच पडून राहिला.

दिवाळीनंतर त्याच्या वडिलांची, लहानूबाबांची, कंबर धरली. कांद्याची लागवड तोंडावर आलेली, बघायला दुसरं कोणी नाही. त्याने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी चार वाजता आला, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला की भोपळ्याचा एक वेल अजून पिकायचाय, तेवढा बघा. बस. मी म्हटलं, बघते. एवढी तोंडाळ बाई मी, हेड ऑफिसला फोनवर सोलून काढणारी, आणि त्या दिवशी तोंडातून निघालं काय, तर बघते.

त्याच्या जागी कंपनीने कोणाला पाठवलंच नाही. दोन्ही वेळा मीच. शेतही दोन्ही वेळा मीच करायची, आणि पीक निघालं की दोन ढीग. एक माझ्या पेटीत, एक त्याच्या. त्याची पेटी भरली तेव्हा शेजारी दुसरी केली, मग तिसरी. वेड्यासारखं होतं ते, मला कळत होतं. पण चार वाजले की माझी नजर दाराकडे जायची, आणि तो वाटा मोजून ठेवला की थोडं बरं वाटायचं. त्याची आठवण यायची. फार यायची. फोन नंबर होता, पण फोन करून सांगणार काय? भोपळा पिकला म्हणून?

तर मार्च. 'सर्व माल सवलतीत' असा फलक लागला आणि लोक तुटून पडले. डेमोची बाकीची मशिनं पटापट गेली. दारापाशीचं मी काउंटरखाली सरकवून ठेवलं होतं, पण इंदिरानगरच्या एका बाईंनी ते बरोबर हेरलं. मुलीच्या परीक्षा संपणार होत्या, तिच्यासाठी हवं होतं. आमचा नियम असा की मशीन गिऱ्हाइकासमोर कोरं करून दाखवायचं. मी हे शेकड्याने केलेलं काम. जुनं मशीन विकायला आलेली पोरं भाव करताना वाघ असतात, पण पुसायचं बटण दाबायची वेळ आली की मान फिरवतात. मी त्यांना चिडवायची, अरे दोन सेकंदांचं काम, कान टोचतोय का तुझे? आता माझाच हात पुढे जाईना. मी बाईंना म्हटलं, याचं थोडं काम बाकी आहे, उद्या संध्याकाळी या. बाई फणफणत गेल्या. त्यांचं बरोबरच होतं.

त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि जीवनला फोन लावला. मागे बायांचा कालवा ऐकू येत होता. कांदे काढणं चाललं होतं. मी दुकान बंद होतंय ते सांगितलं, मशीन विकलं जातंय ते सांगितलं. तो 'बरं' म्हणत राहिला. शेवटी मी म्हटलं, "वाट्याचं शेत एकट्याने मोडायचं नसतं, तूच म्हणाला होतास. म्हणून विचारतेय."

पलीकडचा कालवा दूर गेला. मग तो म्हणाला, "अजून हाय व्हय शेत?"

"आहे."

"मग फोनवर नाय मोडायचं. उद्या येतो."

कांदा काढताना मजूर मिळत नाहीत आणि घरचं माणूस रान सोडून हलत नाही, एवढं तर मलाही कळत होतं. म्हटलं येणार नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी आईची मोतिया साडी नेसले आणि आईने 'दुकान मोडायला एवढी सजून?' असं विचारलं तेव्हा तिच्यावर खेकसले.

तो चार वाजता आला. त्याच्या वेळेला. रापला होता, वाळला होता, नखांत माती. काउंटरपाशी उभं राहून त्याने सवयीने रजिस्टरकडे हात नेला आणि मग मागे घेतला. मी मशीन लावलं. शेत दिसलं तसा तो जरा वाकून बघायला लागला. ओळी बघितल्या, वाट बघितली, मान हलवली. पास झाल्यासारखं वाटलं मला. मग त्याने आपली पेटी उघडली. मग शेजारची, मग तिसरी.

"हे कोनाचं?" त्याने विचारलं.

"तुझं. तुझा वाटा."

"मी तर नव्हतोच ना मॅडम. गेलेल्याचा वाटा नाय ठेवत कोनी."

"मी ठेवला," मी म्हटलं. आणि मग राग आला मला, माझाच, त्याचा, हेड ऑफिसचा, सगळ्यांचा. त्या रागातच बोलून गेले, "मला तुझी आठवण येते, जीवन. रोज येते. आता काय करू सांग."

ड्रॉवर त्याला माहीत होता. त्याने दुसरा कंट्रोलर काढला, जोडला, आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला. पहिल्यांदाच आम्ही दोघं एका वेळी त्या शेतात उतरलो. सकाळ झाली, कोंबडा आरवला. मी पाणी घातलं, तो काढत गेला. सगळं काढलं त्याने, पिकलेलं आणि अर्धकच्चंही, काही शिल्लक ठेवलं नाही. बांधावर दोन ढीग केले. सूर्यफूल एकच निघालं. ते त्याने माझ्या ढिगात टाकलं, मी त्याच्यात टाकलं, त्याने पुन्हा माझ्यात. गेममधली संध्याकाळ झाली, अंधार पडला, आणि आमची ती दोन माणसं घरात जाऊन झोपली. तेवढा एक दिवस मिळाला आम्हाला.

बाई मुलीला घेऊन आल्या होत्या आणि दारात ताटकळत होत्या. मी पुसायच्या पानावर आले. बटणावर अंगठा ठेवला आणि तो तिथेच राहिला. त्याने माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला, खरखरीत, कांद्याच्या वासाचा, आणि आम्ही दाबलं. मशीन कोरं झालं. ती मुलगी म्हणाली, यात काही नाहीये. मी म्हटलं, हो, तू घाल आता.

त्या गेल्यावर तो निघाला. दारात थांबला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तर म्हणे, "मॅडम, तुमच्या घरात कांदा चालतो का?"

हा काय प्रश्न झाला, या वेळेला? म्हटलं, चालतो, चातुर्मासात नाही चालत. बाबा चार महिने घरात शिरू देत नाहीत.

त्याने बोटांवर महिने मोजले. "मग त्याच्या आत," म्हणाला, आणि गेला.

एप्रिल गेला, मे गेला. मी एका मोबाइलच्या दुकानात लागले, तिथे दिवसभर स्क्रीनला काच चिकटवायची. त्याचा फोन नाही, निरोप नाही. मी केला नाही. बोलून झालं होतं माझं, आता पुन्हा किती नाक घासणार? पण मनाला काय सांगणार. भाजीवाल्याकडे कांद्याचा ढीग दिसला की पाय थांबायचा. आईने एक पुण्याचं स्थळ आणलं, मी नाही म्हटलं. मग एक ठाण्याचं. बाबा म्हणाले, हिला हवंय तरी काय ते एकदा सांगून टाक म्हणावं. ते मला माहीत होतं, आणि ते विंचूरला होतं.

जूनही गेला. कांदेनवमी आली. परवा आषाढी, मग चार महिने कांदा-लसूण बंद, म्हणून आमच्याकडे त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, भरले कांदे, सगळी हौस भागवून घ्यायची. आईने घरातले होते नव्हते ते सगळे कांदे चिरायला घेतले होते. तेवढ्यात गल्लीत पिकअप थांबल्याचा आवाज आला.

मी खिडकीतून पाहिलं. जीवन. पांढराशुभ्र शर्ट, डोक्याला तेल. पुढच्या सीटवर एक नऊवारीतल्या बाई, त्याची आई नवसाबाई असणार, नाक त्याच्यासारखंच. त्याने मागून पोती उतरवली आणि एकावर एक आमच्या दारात रचली.

बाबा सोवळ्यात होते. बाहेर येऊन पोत्यांकडे बघून कडाडलेच. कोणाचे कांदे हे? कोणी मागवले? परवापासून चातुर्मास लागतोय आणि आज एवढे कांदे घरात? पत्ता चुकला असेल तर उचला. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. जीवनने वाकून नमस्कार केला आणि काही बोलायच्या आत माझ्याकडे पाहिलं. मी दारात आले होते, हात पिठाचे.

"बाबा, माझे आहेत," मी म्हटलं. "माझ्या वाट्याचे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग नवसाबाईंकडे. त्या डोक्यावरचा पदर सारखा करून नुसत्या उभ्या होत्या. आई मागे येऊन थांबली होती. तिच्या हातात झारा होता, तो तिने हळूच खाली केला.

बाबांचा आवाज उतरला, पण हेका नाही. म्हणाले, असतील. पण चार महिने आमच्यात कोणी खाणार नाही. कार्तिकीपर्यंत हे सडून जातील.

"नाय सडायचे गुरुजी," जीवन म्हणाला. "उन्हाळी कांदा हाय. काढल्यावर लगेच नाय आणला. तीन महिने कांदाचाळीत ठेवून बघितलं, जो टिकला तोच निवडून आणलाय. कार्तिकी होऊ द्या, तुळशीचं लग्न होऊ द्या. तवर टिकतोय."

तुळशीचं लग्न म्हटल्यावर आईने एकदम माझ्याकडे पाहिलं. तुळशीचं लग्न लागलं की मगच माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघतात, हे गुरुजींच्या घरात कोणाला सांगायला लागत नाही. बाबांना तर नाहीच नाही. ते पोत्याच्या शिवणीकडे बघू लागले.

"आणि एखादा खराब निघाला तर?" त्यांनी विचारलं. "एकाने शेजारचे नासतात."

"निवडत राहावं लागतं. मी येत जाईन निवडायला," जीवन म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्ही येऊ दिलंत तर."

बाबा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. वळून आत जाता जाता एवढंच बोलले की जिन्याखाली मोकळी जागा आहे, तिथे हवा खेळते, आणि त्या बाईंना उन्हात उभं ठेवू नका, भजी द्या.

मी जिन्याखालचं सामान काढलं. जीवनने पोती आत आणली, एकमेकांना चिकटून नाही, मध्ये वाट सोडून. शेवटचं पोतं ठेवताना आम्ही दोघं त्या जिन्याखाली वाकून उभे होतो, आणि तो हळूच म्हणाला, "निम्मे हायेत. मोजून."

मी म्हटलं, मोजायची गरज नव्हती.

पुढचे चार महिने आमच्या घरात देवघरापर्यंत कांद्याचा वास होता, आणि ताटात कांदा नव्हता. दर पंधरवड्याला तो यायचा, जिन्याखाली बसून एकेक कांदा हातात घेऊन बघायचा, आणि मी समोर बसून सडका निघाला तर टोपलीत टाकायची. बाबा येता-जाता विचारायचे, किती निघाले? फार कमी निघायचे.